रमाताईला लावलेलं विशेषण

माझी थोरली बहीण रमा मठ्ठ होती. हे तिच्या नवऱ्यानं ठरवलं होतं, आणि तो अकोल्यातला नावाजलेला वकील असल्यामुळे त्या निकालावर कोणी अपील केलं नाही. लग्न होऊन ती जठारपेठेत गेली तेव्हा संस्कृत घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झालेली होती. सासरी पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून एका अशिलाला बिनसाखरेचा चहा गेला. हरिहरभाऊजी त्या अशिलाला म्हणाले, "काय करता बाप्पा, बायको मठ्ठ भेटली." अशील हसला, आणि तिथून ते विशेषण तिला चिकटलं ते चिकटलंच.

भाऊजींना विशेषणं लावायची हौस होती. मी तोंडाळ. माझा नवरा बावळट. त्यांचा एकुलता एक मुलगा गौरांग हळवा. पोळ्या लाटायला येणारी गंगूबाई उर्मट. एकदा लावलं की ते बदलायचं नाही. माझ्यापुरतं त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी कधी भांडले नाही. रमाताईबद्दल भांडले, तर ते म्हणाले, "तोंडाळ माणसाची साक्ष कोर्ट धरत नाही."

बाहेर मात्र या माणसाला फार मान होता. लाच नाही, लबाडी नाही, दिलेला शब्द मागं घेणं नाही. कोर्टात समोरचा वकीलही त्यांच्या शब्दावर तारीख मागून घ्यायचा. असा माणूस घरात असला की काय होतं ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. नवरा दारू पिऊन मारतो म्हटलं तर लोक पोलिसात जा म्हणतात. माझा नवरा कधी खोटं बोलत नाही, अशी तक्रार घेऊन बाईनं कुठं जावं?

त्या घरात मी बाळंतपणाला राहिले, दिवाळीला राहिले, आजारपणाला राहिले. तिथं सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "तयार आहे." बाहेरच्या ऑफिसच्या खोलीतून भाऊजींचा आवाज यायचा, "झालं का?" आणि स्वयंपाकघरातून ताई म्हणायची, "तयार आहे." चहा तयार आहे. गाऊनला इस्त्री करून तयार आहे. पार्बताबाईंचा भात तयार आहे.

या पार्बताबाई म्हणजे भाऊजींची विधवा आत्या. त्या घरात कशा आल्या ते सांगितलं पाहिजे, कारण पुढं त्याचं काम पडणार आहे. भाऊजींच्या आईच्या दहाव्याला पूर्णेच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. दुपार झाली. सगळ्यांनी सगळं बोलून पाहिलं. शेवटी भाऊजी हात जोडून म्हणाले, "आई, अचलपूरच्या आत्याले मी मरेपर्यंत घरात ठेवीन." शब्द पुरा व्हायच्या आत कावळा उतरला. भाऊजींनी तो शब्द पाळला. पार्बताबाई मरेपर्यंत त्या घरात राहिल्या, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून. भाऊजी त्यांच्याशी एक वाक्य बोलले नाहीत. हगणं-मुतणं ताईनं काढलं. भाऊजी मात्र लोकांना सांगायचे, घाटावर बोललेला शब्द हुकूमनाम्याच्या वर असतो, आपण तो पाळून दाखवला.

गौरांग इंजिनिअर झाला, स्पेनला सारागोसा नावाच्या गावी नोकरीला गेला आणि तिथल्या नुरियाशी लग्न करून मोकळा झाला. ती त्याच्यापेक्षा मोठी, एकदा घटस्फोट झालेली. त्यानं लग्नानंतर फोन केला, हे त्याचं चुकलंच. इकडे भाऊजींनी एका जज्ज मित्राला त्याची मुलगी अबोली सून करून घेण्याचा शब्द देऊन ठेवलेला. दिलेला शब्द जन्मात पहिल्यांदा खाली पडला. त्या दिवाळीला सगळे नातेवाईक फराळाला बसलेले असताना ते म्हणाले, "गौरांग अन् त्याचा बारदाना या घराचा उंबरा ओलांडणार नाही. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही." ताई चिवडा वाढत होती. तिनं पुढच्या माणसाला वाढला.

फोनवर बोलायला मात्र बंदी नव्हती. त्याचा भाऊजींना अभिमान होता. "मी कोणाच्या तोंडाले कुलूप लावत नाही," म्हणायचे.

मग आल्बा झाली. ताईची नात. दर रविवारी दुपारी फोनच्या पडद्यावर आजी-नात एकमेकींना पाहून हसायच्या, हात हलवायच्या, आणि तेवढंच. गौरांग घरी स्पॅनिशच बोलायचा. पोरीला मराठीतलं फक्त "आई गं" येत होतं, तेही बाप ठेच लागल्यावर म्हणायचा म्हणून. आल्बा चार वर्षांची झाली तेव्हा एका रविवारी ती बापाकडे वळून काहीतरी बोलली.

"काय म्हणून राहिली ते?" ताईनं विचारलं.

"काही नाही आई."

"सांग ना."

"म्हणते, ही आजी बोलत काहून नाही? हिले येत नाही का?"

त्या संध्याकाळी आमच्याकडे अमरावतीला फोन आला. माझी मुलगी स्वराली पुण्याला स्पॅनिश शिकून आली आहे आणि आता घरी बसून ऑनलाईन शिकवते. ताई तिला म्हणाली, "स्वराली, मले शिकव. मी मठ्ठ आहे, पण वेळ आहे माझ्यापाशी." तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती.

मला वाटलं महिन्याभरात थंड पडेल. नाही पडली. फोन तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि कणीक मळता मळता धडा घ्यायची. हात पिठात, म्हणून लिहून घ्यायचं काही नाही, सगळं पाठ. शब्दरूपं आणि धातू घोकलेली बाई होती ती, क्रियापदं चालवायला तिला कितीसा वेळ लागणार. गंगूबाई पोळ्या शेकता शेकता म्हणायची, "काय मंत्र म्हणून राहिल्या व बाई, कोणाले लागू पडते हे?" स्वयंपाकघर आणि ऑफिस यांच्यामधलं दार चहासाठी हाक मारता यावी म्हणून सदा उघडं असायचं. भाऊजी अशिलांना सांगायचे, "आतमधी स्पेनची महाराणी आहे. बसा, चहा भेटला तर भेटला."

स्वरालीनं तिला पहिल्या काही विशेषणांत 'लिस्ता' शिकवलं. बाईमाणसाला लिस्ता, पुरुषाला लिस्तो. अर्थ, तयार. 'एस्तोय लिस्ता', मी तयार आहे. हे ताईला इतकं आवडलं की ती मलाही फोनवर ऐकवायला लागली. म्हणाली, "बेबी, एवढी वर्षं हेच बोलून राहिली मी, फक्त देश चुकला."

मग एकदा आल्बानं तिला फोनवर चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं. त्यात एक मुंगी होती, आणि ती लिस्ता होती. ताईनं धड्याच्या वेळी स्वरालीला विचारलं, "मुंगी तयार आहे म्हणते ते. कुठं जायले तयार आहे? पुढं काही जातच नाही ती."

त्या दिवशी स्वरालीच्या खोलीत मी वाळलेले कपडे घड्या करत होते, म्हणून सगळं माझ्या समोर झालं. स्वराली हसली. म्हणाली, "मोठी मावशी, तिथं क्रियापद दुसरं आहे. 'एस्तोय'च्या घरचं लावलं तर तयार. 'सोय'च्या घरचं लावलं तर हुशार. 'सोय लिस्ता' म्हणजे मी हुशार आहे. ती मुंगी हुशार आहे."

पलीकडे कणीक मळायचा आवाज थांबला.

"शब्द तोच?"

"तोच."

"म्हणजे तयार असणाऱ्या बाईले फक्त क्रियापद बदलायचं?"

"हो मावशी."

ताई मग म्हणाली, "तयार तर मी जन्मभर होते व. हुशार कोणी म्हटलं नाही." आणि पुन्हा कणीक मळायला लागली. मला रडू आलं ते मी टॉवेलमध्ये दाबलं. स्वरालीनं मुद्दाम तिला पुढचं विशेषण सांगितलं, पण त्या दिवशी ताईचं लक्ष नव्हतं.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही मायलेकी अकोल्याला गेलो. सोळा भाज्या, पुरण, आंबील, वर बारच्या वकिलांची आणि त्यांच्या बायकांची पंगत. जेवणं रंगात आली आणि भाऊजींनी आत हाक मारली, "महाराणी, या बाहेर." ताई तुपाचं भांडं घेऊन आली.

"नाव घे. पण स्पॅनिशमधे."

"अहो, पोळी तव्यावर आहे."

"गंगूबाई पाहीन. घे."

वकिलांच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. घ्या हो घ्या वहिनी. त्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांना गंमत वाटत होती. अशा निष्पाप बायकांचा मला जास्त राग येतो. ताईनं तुपाचं भांडं दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाली,

"महालक्ष्मीपुढं मांडला सोळा भाज्यांचा थाट,
हरिहररावांसाठी वाढते पुरणपोळीचं ताट,
सोय लिस्ता."

वाहवा झाली. स्वरालीनं माझा हात दाबला. पण भाऊजी हसत नव्हते. पुरणाची बोटं चाटून त्यांनी विचारलं, "शेवटी काय म्हणली?"

"तयार आहे म्हटलं."

"नाही. तयार म्हणायले 'एस्तोय' लागते. 'सोय' म्हटलं तर हुशार होते. रोज भिंतीआडून ऐकून राहिलो मी." ते पंगतीकडे वळले. "पाहा, यमक जुळवायच्या नादात बाई स्वतःले हुशार म्हणून गेली." पंगत हसली. भाऊजींनी पान पुढं सरकवलं. "आता नीट सांग. तू काय आहे?"

ताई तुपाच्या भांड्याकडे पाहत होती.

"एस्तोय लिस्ता," ती म्हणाली.

"हां, आता बरोबर. तूप वाढ."

तिनं सगळ्यांना तूप वाढलं, कोपऱ्यातल्या मुलांनासुद्धा. मागच्या अंगणात भांडी घासताना स्वराली रागानं ताटं आपटत होती. मी भाऊजींच्या सात पिढ्या काढत होते. ताईनं परातीवर पाणी ओतलं आणि विचारलं, "पण मी पयले जे म्हटलं, ते सगळ्याईनं ऐकलं ना?"

"ऐकलं मावशी," स्वराली म्हणाली.

"मग झालं."

तिचं शिकणं काही थांबलं नाही. हिवाळ्यापर्यंत ती आल्बाशी नीट बोलायला लागली. चुकायची, पोर तिला दुरुस्त करायची, दोघी हसायच्या. त्यांचा एक खेळ ठरला होता. फोन ठेवायच्या आधी ताई तो हातात घेऊन घर दाखवायची. हिरवं फाटक, ओसरीवरचा झोपाळा, तुळस, उंबरा. उंबऱ्यापाशी थांबून विचारायची, "एस्तास लिस्ता?" तयार आहेस का? तिकडे आल्बा आपलं लाल दप्तर पाठीला अडकवून ओरडायची, "एस्तोय लिस्ता, आबुएला." आबुएला म्हणजे आजी. मग फोन बंद.

ताईला एवढंच हवं होतं. त्या पोरीनं तो उंबरा ओलांडून आत यावं, एकदा, आणि झोपाळ्यावर बसावं. गौरांग म्हणाला की उन्हाळ्यात येतो, हॉटेलात उतरतो, तू हॉटेलात भेटायला ये. "माझी नात अकोल्यात येऊन हॉटेलात राहीन?" ताई म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं भाऊजींना विचारायला सुरुवात केली. लग्न झाल्यापासून कधी काही मागितलं नव्हतं तिनं. आता ताट वाढताना विचारायची, इस्त्री करताना विचारायची. भाऊजींचं एकच, "उत्तर दिलं आहे."

माघात एका सकाळी ती ओट्यापाशी पडली. मेंदूत रक्त साकळलं होतं. मी अमरावतीहून पोचले तेव्हा दवाखान्यात ती शुद्धीवर होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जड. भाऊजी पायाशी उभे होते. तिनं त्यांच्याकडे पाहून अगदी सावकाश, एकेक अक्षर जुळवत म्हटलं, "आल्बाले घरात येऊ द्या."

"ते सोडून बोल," भाऊजी म्हणाले.

ती दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

गौरांग विमानाची तिकिटं शोधत होता. भाऊजींनी त्याची वाट पाहिली नाही. "देह ताटकळत ठेवत नसतात," म्हणाले, आणि स्वतः अग्नी दिला. त्यांना दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही, आणि ऑफिसच्या खोलीतून "झालं का?" अशी हाक मारून मग एकदम गप्प झालेलं मी माझ्या कानानं ऐकलं. मी तोंडाळ आहे, खोटारडी नाही. पण त्यांची कीव मला आली नाही आणि आजही येत नाही.

गौरांग आल्बाला घेऊन दहाव्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे उतरला. नुरियाला रजा मिळाली नव्हती. सकाळी आम्ही अमरावतीहून निघालो तेव्हा आल्बानं लाल दप्तर पाठीला लावलं ते काढेना. आजी आता नाही, हे बापानं तिला सांगितलं होतं. पण आजीचं घर तर आहे, असं तिचं म्हणणं होतं.

पूर्णेच्या काठी भाऊजी, गुरुजी, चारदोन भाऊबंद आणि गंगूबाई आधीच पोचले होते. गौरांग पाया पडायला वाकला, भाऊजींनी पाय मागं घेतले. "ज्यानं अग्नी दिला त्यानंच दहावं करायचं असते," ते नदीकडे पाहत म्हणाले. "तू तिकडं उभा राहा." पोरीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पिंड ठेवला. सगळे मागं सरकून उभे राहिले. बाभळीवर चार-पाच कावळे होते. एक खाली उतरला, दोन उड्या मारून पिंडाजवळ आला, मान वाकडी केली आणि परत झाडावर गेला. उन्हं चढायला लागली.

"काही इच्छा राहिली असन तर बोला," गुरुजी म्हणाले.

भाऊजींनी हात जोडले. "रमा, तुझ्या नावानं गावच्या शाळेत पंखे लावीन." कावळे बसून राहिले. "तुझ्या बांगड्या स्वरालीले देईन." काही नाही. "गंगूबाईले कामावरून काढणार नाही." एक कावळा उडाला तो नदीपलीकडे गेला. मी पण बोलून पाहिलं, "ताई, पोरीले मी अमरावतीले नेते, तुझ्यासारखं जेवू घालते." माझं घर तिला हवं नव्हतं. कावळा कशाला येईल.

शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. "भाऊजी, काय बोलायचं ते तुमाले माहीत आहे. दवाखान्यात तुमच्या तोंडावर म्हटलं तिनं. बोला अन् मोकळे व्हा."

"बोला ना साहेब," गंगूबाई म्हणाली, "काय जाते तुमचं?"

भाऊजी माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "बेबी, बोलणं सोपं आहे. आत्ता म्हणीन, अन् कावळा शिवला की घरी जाऊन दार लावीन. दुसऱ्यानं तेच केलं असतं. मी घाटावर खोटं बोलत नाही. बोललो तर पाळावं लागते. अन् पाळणार नाही, म्हणून बोलत नाही."

त्यांच्या भाऊबंदांतल्या एकानं चक्क मान डोलावली, केवढा खरा माणूस म्हणून. मला त्या क्षणी खोटारड्या माणसांबद्दल फार प्रेम वाटलं. एक खोटं बोलला असता, तर माझी बहीण सुटली असती.

आल्बा इतका वेळ बापाचा हात धरून उभी होती. तिनं स्वरालीला विचारलं, आपण कशाची वाट पाहतोय? स्वरालीनं तिला त्यांच्या भाषेत सांगितलं की तो पक्षी येऊन भात खाईल, मग आजीला बरं वाटेल. पण आजीला काय हवं होतं ते कोणीतरी मोठ्यानं सांगावं लागतं. आल्बानं विचार केला. मग बापाचा हात सोडून ती पुढं गेली, दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी ओढून घेतले आणि बाभळीकडे पाहून म्हणाली, "आबुएला, एस्तोय लिस्ता."

कावळे हलले नाहीत. आजीला ऐकू गेलं नसेल म्हणून ती पुन्हा, जास्त मोठ्यानं म्हणाली. गौरांग तिथंच रेतीत बसला.

तिथं जमलेल्या माणसांत त्या वाक्याचा अर्थ कळणारी माणसं किती होती? स्वराली, गौरांग, मी. आणि भाऊजी. भिंतीआडून हिवाळाभर दर रविवारी त्यांनी ते ऐकलेलं होतं, उंबऱ्यापाशी विचारलेला प्रश्नही आणि त्याचं उत्तरही. त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. ओठ हलले. मला खरंच वाटलं, बोलणार. गंगूबाईनं पदर तोंडावर धरला.

भाऊजींनी हात सोडले. "गुरुजी, ऊन झालं," ते म्हणाले. "दर्भाचा कावळा करा."

गुरुजींनी चार काड्यांना गाठ मारली, गवताचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. झालं. शास्त्रात ती सोय आहे. पिंड उचलून नदीत सोडला.

आल्बा अजून झाडाकडे पाहत उभी होती. भाऊजी अंघोळ करून ओल्या धोतरानं वर येत होते, वाट तिच्याजवळूनच होती. ती त्यांच्यासमोर आली आणि तिनं विचारलं, "आबुएला?" भाऊजी थांबले. नातीकडे त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. मग अगदी स्पष्ट, एकही उच्चार न चुकता म्हणाले, "आबुएला नो एस्ता." आणि गाडीकडे गेले.

मी स्वरालीकडे पाहिलं. "आजी नाही," तिनं सांगितलं. "दारात कोणी आलं अन् माणूस घरी नसलं की असंच म्हणतात."

त्या माणसानं नातीशी बोललेलं एवढंच. माझ्या बहिणीनं जी भाषा कणीक मळत, हसं करून घेत, घास-घास करून कमावली, ती त्यानं खुर्चीवर बसल्या बसल्या उचलली आणि तिचा असा उपयोग केला. हुशार तर तो होताच. ते विशेषण लावायला त्याला कोणाची परवानगी लागली नाही.

परतताना आम्हाला अकोल्यातून यावं लागलं. स्वराली गाडी चालवत होती. जठारपेठेतून जाऊ नको म्हणून सांगायला मला सुचलं नाही, आणि तिलाही सवयीनं तोच रस्ता आला. आल्बा खिडकीशी बसली होती. एकदम काचेवर हात आपटून ओरडली. हिरवं फाटक, ओसरी, झोपाळा. सगळं फोनमधे दिसायचं तसंच होतं. फाटकाला कुलूप होतं, भाऊजींची गाडी अजून मागं होती.

"थांबू?" स्वरालीनं विचारलं.

गौरांग दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहत होता. "नको," तो म्हणाला.

आल्बानं मांडीवर काढून ठेवलेलं दप्तर घाईघाईनं पाठीला लावलं, पट्टे ओढून घेतले आणि दाराच्या कडीवर हात ठेवून बसली. फाटक मागं गेलं, जठारपेठ मागं गेली, मूर्तिजापूर गेलं. आम्हाला कोणालाच तिला सांगवेना. अमरावती येईपर्यंत ती तशीच बसून होती.